पूर्णा जंक्शनचा धूर आणि श्रमिकांचा प्रमेह

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. सनदा, महजर, बखरी व वैद्यकाच्या पोथ्या यांत रमणाऱ्या मंडळींनीं इंजिनाचा धूर, कामगाराची विडी आणि त्याच्या रक्तांतील साखर यांच्या वाटेस कां जावें, असें कोणीही विचारील. त्यावर आमचें उत्तर इतकेंच कीं, अंगमेहनत करणारास प्रमेह होत नाहीं अशी जी समजूत आपल्या समाजांत दृढ झाली आहे, तिचें मूळ जुन्या ग्रंथांत आहे. आणि ग्रंथांतील वचन कोणत्या काळीं, कोणाविषयीं व कोणत्या परिस्थितींत सांगितलें गेलें हें तपासणें संशोधकाचेंच काम होय. या समजुतीपायीं श्रमिकाचा रोग उशिरां ओळखला जातो, आणि ओळखला गेला तरी त्याच्या कामाशीं त्याचा संबंध कोणी जोडीत नाहीं. म्हणून परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें गांव समोर ठेवून आम्ही हा विचार करण्याचें योजिलें आहे.

१. स्थल व काल

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून मराठवाड्यांतून वाहत येते व गोदावरीस मिळते. त्या संगमाच्या परिसरांत, परभणी व नांदेड यांच्या दरम्यान, नदीच्याच नांवाचें हें गांव आहे. आज त्याची जी ओळख आहे ती मात्र लोखंडी रस्त्यानें दिली. हैदराबादेहून मनमाडास जाणारा ३९१ मैलांचा मीटर-मापी मार्ग ‘हैदराबाद–गोदावरी खोरें रेल्वे’ या नांवानें इ. स. १८९९ ते १९०१ (शके १८२१–२३) या अवधींत टप्प्याटप्प्यानें खुला झाला. पुढें १९१२ मध्यें पूर्णेहून हिंगोलीकडे फांटा निघाला आणि साधें स्टेशन होतें तें जंक्शन झालें. १९३० च्या एप्रिलांत ही रेल्वे निजाम सरकारनें कंपनीकडून आपल्याकडे घेतली. १९५० मध्यें ती भारतीय रेल्वेंत विलीन झाली. १९६६ मध्यें दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली व २००३ मध्यें नांदेड विभाग निराळा झाला. राज्यें व कंपन्या बदलल्या तरी गांवाचें जीवन स्टेशन, रेल्वेची वसाहत आणि मीटर-मापी वाफेच्या इंजिनांचें आगार यांच्याभोंवतींच फिरत राहिलें.

हे आगार, ज्यास लोक ‘लोको शेड’ म्हणत, त्यांतील कामाचें स्वरूप आजच्या पिढीस सांगणें अवश्य आहे. इंजिन फेरीहून परत आलें म्हणजे त्याच्या भट्टींतील निखारे खालच्या खड्ड्यांत पाडावयाचे, राख ओढावयाची, पुढच्या धूरपेटींत सांचलेली काजळी फावड्यानें काढावयाची, बाष्पपात्राच्या नळ्या साफ करावयाच्या, नवा कोळसा भरावयाचा, आणि पुढील फेरीच्या कित्येक तास आधीं पुनः जाळ लावावयाचा. निजामाच्या रेल्वेस कोळसा सिंगरेणीच्या खाणींचा मिळे. त्या खाणी १८८९ च्या सुमारास येल्लंदू येथें चालू झाल्या होत्या. आगारांत जाळ धरूं लागलेल्या इंजिनांचा दाट धूर छपराखालीं कोंडे. मार्गावर फायरमन हातानें कोळसा फेकी. समोर भट्टीची धग, मागून वारा, आणि बोगदा वा पूल आला म्हणजे तोंडावर धूर. अशा कामांत दिवस व रात्र हा भेदही नसे.

ज्या वर्षीं या मार्गाचा पहिला भाग खुला झाला त्याच वर्षाच्या, म्हणजे १८९९ च्या, अवर्षणानें गुजराथ, मध्यप्रांत व दक्षिण यांस ग्रासलें होतें. त्या दुष्काळांत गुजराथेंतून बाहेर पडलेल्या मंडळींपैकीं कांहीं रेल्वेच्या बांधकामावर मध्यप्रांतांत आलीं, आणि तेथें टेंभुर्णीचें पान विपुल असल्याचें पाहून त्यांनीं त्या पानांत तंबाखू वळण्याचा धंदा वाढविला. हा धंदा रेल्वेच्या आधारानेंच देशभर पसरला. कोळशाचा धूर व विडीचा धूर हे दोन्ही आपल्या श्रमिकाच्या छातींत जवळजवळ एकाच काळीं, आणि एकाच लोखंडी वाटेनें शिरले, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

२. ग्रंथांचा अभिप्राय

आतां मूळ समजुतीकडे वळूं. चरक व सुश्रुत या दोघांनींही प्रमेहाचे वीस प्रकार मानिले आहेत. कफाचे दहा, पित्ताचे सहा व वाताचे चार. मधुमेह हा वातज प्रकारांत पडतो. रोगाचीं कारणें सांगतांना बसून राहण्याचें व निजून राहण्याचें सुख, दहीं, नवें धान्य, गुळाचे पदार्थ यांचा निर्देश येतो. उपाय सांगतांना सुश्रुत तर असें सुचवितो कीं, निर्धन रोग्यानें जोडा व छत्री टाकून, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजनें वा त्याहून अधिक चालावें. कोणी विहीर खणावी. श्रम हेंच औषध, हा याचा सरळ अर्थ. यावरून पुढें लोकांत असा सिद्धान्त रूढ झाला कीं, ज्याचे हात दिवसभर फावड्यावर आहेत त्यास हा श्रीमंतांचा रोग शिवणारच नाहीं.

परंतु ज्यांनीं हें प्रकरण शेवटपर्यंत वाचलें आहे त्यांस दुसरीही बाजू ठाऊक असेल. चरकानें प्रमेही मनुष्याचे दोन वर्ग स्पष्टपणें वेगळे केले आहेत. एक स्थूल व बलवान. दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण, म्हणजे पोषण. सुश्रुतानेंही जन्मतः येणारा व अपथ्यानें होणारा असे रोगाचे दोन भेद मानून पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो असें म्हटलें आहे. आणि श्रमाचा उपदेश करतांना कृश रोग्यास जपण्याची सूचना दिली आहे. तेव्हां कृश मनुष्यासही हा रोग होतो, आणि त्याच्यावर श्रमाचा भार टाकणें हा उपाय नव्हे, हें जुन्या आचार्यांस मान्य होतें. लोकसमजुतीनें अर्धें वचन उचललें व अर्धें टाकलें.

या टाकलेल्या अर्ध्यास आधुनिक शोधांनीं पुण्यांतूनच एक प्रकारें पुष्टि मिळाली आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ मध्यें एका इंग्रज सहकाऱ्यासह स्वतःचें व त्या सहकाऱ्याचें उदाहरण प्रसिद्ध केलें. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील मेदाचें प्रमाण सहकाऱ्याचें ९.१ टक्के तर याज्ञिकांचें २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या देहांत, विशेषतः पोटाच्या भागीं, मेद लपलेला असूं शकतो. प्राचीनांचा ‘कृश’ व आजचा हा ‘बारीक पण मेदयुक्त’ मनुष्य एकच होत असें आमचें म्हणणें नाहीं. कामगार सडपातळ आहे म्हणून तो निरोगी, हें अनुमान मात्र दोन्ही प्रमाणांनीं बाधित होतें.

३. तंबाखूचा प्रवेश

दुसरा मुद्दा कालाचा. चरकानें धूम्रपान सांगितलें आहे हें खरें, आणि विडीचें समर्थन करणारे कित्येक जण तें पुढें करितात. परंतु तें धूम्रपान सुगंधी औषधींच्या वर्तीचें, दिवसांतील आठ ठराविक प्रसंगीं करावयाचें, आणि अतिरेकाचे दोष बजावून सांगितलेलें आहे. तंबाखू त्या काळीं या भूमींत नव्हती. ती पोर्तुगीजांमार्फत आली व दक्षिणेंत आधीं रुजली. अकबराचा वकील असदबेग विजापुरास गेला होता. तेथें त्यानें इ. स. १६०४–०५ च्या सुमारास तंबाखू पाहिली आणि चिलमीसह ती बादशहाकडे नेली. दरबारीं वैद्यांत व उमरावांत तिच्याविषयीं वाद झाला, बादशहानें कांहीं झुरके घेतले, आणि हकीमांच्या हरकतीस न जुमानतां उमरावांत ती प्रिय झाली, ही हकीकत त्यानें स्वतः लिहून ठेविली आहे. जहांगिरानें १६१७ मध्यें मनाई केली. तिचा उपयोग झाला नाहीं हें सांगणें नलगे. संस्कृत वैद्यकांत ‘योगरत्नाकर’ या ग्रंथांत तंबाखूचा उल्लेख सांपडतो. भांडारकर संस्थेचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तंबाखूच्या अशा उल्लेखांचा मागोवा घेतला व या ग्रंथाचा काल इ. स. १६५० ते १७२५ असा ठरविला.

यावरून निष्पन्न होणारी गोष्ट साधी पण महत्त्वाची आहे. श्रमानें प्रमेह टळतो हें वचन अशा समाजाविषयीं आहे कीं, ज्यास तंबाखू ठाऊक नव्हती, कोळशाचें इंजिन ठाऊक नव्हतें, आणि ज्याचा श्रम मोकळ्या हवेंत होत असे. शेताच्या बांधावरील श्रम व आगाराच्या छपराखालील श्रम यांस एकच नांव असलें तरी तीं एक वस्तु नव्हे.

४. धूर शरीरांत काय करितो

आधुनिक वैद्यक या रोगसमूहाचा विचार ‘चयापचय’ या शब्दानें करितें. अन्नाचें शक्तींत, शक्तीचें मेदांत व मेदाचें पुनः शक्तींत रूपांतर करण्याचा जो देहाचा व्यवहार, तो चयापचय. तो बिघडल्याचीं पांच चिन्हें मानिलीं आहेत: कमरेचा घेर (आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटिमीटर वा अधिक), रक्तांतील विशिष्ट मेद वाढणें, हितकर मेद घटणें, रक्तदाब १३०/८५ वा अधिक, आणि उपाशीपोटीं साखर १०० मिलिग्रॅम वा अधिक. पांचांपैकीं तीन असल्यास बिघाड झाला असें समजतात. यांपैकीं एकही चिन्ह रोग्यास स्वतः जाणवेलच असें नाहीं.

तंबाखूच्या धुरांतील निकोटीन शरीरास सतत सावध स्थितींत ठेवितें. हृदयाची गति व रक्तदाब वाढतात, मेद विरघळून रक्तांत येतो, आणि इन्सुलिनाची आज्ञा स्नायू पूर्वीसारखी पाळीत नाहींत. धूम्रपान करणाराचें वजन बहुधा कमी असतें, पण त्याच्या पोटावरील मेद तुलनेनें जास्त असतो, हितकर मेद कमी असतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९१४ नव्हे, २०१४ च्या, म्हणजे अगदीं अलीकडच्या अहवालांत असा निर्णय दिला आहे कीं, धूम्रपान हें मधुमेहाचें एक कारणच आहे. न ओढणारापेक्षां ओढणारास हा रोग होण्याचा धोका ३० ते ४० टक्के अधिक, आणि जितकें ओढणें अधिक तितका धोका अधिक. विडींत तंबाखू सिगारेटीपेक्षां कमी असते. परंतु टेंभुर्णीच्या पानांतून हवा कमी शिरते, ती विझूं नये म्हणून वारंवार झुरका घ्यावा लागतो, आणि त्यामुळें विडी सौम्य ही समजूत टिकत नाहीं.

कामाच्या जागेचा धूर याहून निराळा नाहीं, असें अलीकडील शोध सांगतात. कोळशाच्या वा डिझेलच्या धुरांतील अतिसूक्ष्म कण, म्हणजे अडीच मायक्रॉनांहून लहान, फुप्फुसाच्या शेवटच्या कोषांपर्यंत पोंचतात व तेथें दाह उत्पन्न करितात. तो दाह तेथेंच राहत नाहीं. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ मध्यें उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, अशी दूषित हवा व मेदयुक्त आहार यांचा योग झाला असतां मेदाच्या ऊतींतच दाह वाढतो आणि इन्सुलिनाचा परिणाम मंदावतो. दोन्ही धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तांतील प्राणवायूची जागा अडवितो. ज्याच्या स्नायूंस अधिक प्राणवायु हवा त्या फावडेवाल्याच्याच रक्तांत तो कमी पडावा, हा या धंद्याचा क्रूर योग आहे. त्यांत रात्रपाळीची भर पडते. जेवणाच्या व झोंपेच्या वेळा उलटल्यानेंही साखरेचा व्यवहार बिघडतो, हें आतां सिद्ध आहे.

५. तीन अवस्था

वरील प्रमाणें एकत्र ठेवून पूर्णा येथील श्रमाच्या इतिहासाच्या तीन अवस्था आम्ही कल्पितों. पहिली रेल्वेपूर्वीची: श्रम होता, धंद्याचा धूर नव्हता. दुसरी वाफेच्या इंजिनाची: श्रम अतोनात व धूरही अतोनात. फायरमनच्या देहांत एक शक्ति साखर जाळीत होती व दुसरी तें जाळणें अडवीत होती. हें भांडण किती काळ कोणाच्या बाजूनें चालावें, तें वय, आहार व विडी यांवर अवलंबून. तिसरी डिझेलची: एंजिनाची चावी फिरवून गाडी चालूं लागली, फावडें गेलें, पण धूर, आवाज, रात्रपाळी व विडी राहिलीं. पहिल्या अवस्थेंत जें औषध होतें तें तिसरींत नाहींसें झालें, आणि दुसरींत जें विष मिळालें तें शिल्लक राहिलें. १९९० नंतरच्या दशकांत मुख्य मार्ग रुंद मापाचा झाला व २००८ मध्यें अकोल्याकडील मार्गही तसा झाला. वाफेचें आगार इतिहासजमा झालें. तेथें उमेदीचीं वर्षें घालविलेल्या माणसांचे देह मात्र त्या इतिहासाबरोबर मिटले नाहींत.

डिझेलच्या धुराविषयीं बाहेरचा एक पुरावा येथें देणें इष्ट आहे. अमेरिकेंतील ५४,९७३ रेल्वे-कामगारांच्या १९५९ ते १९९६ पर्यंतच्या नोंदी तपासून २००४ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, डिझेलच्या धुरांत काम करणाऱ्या गाडीवरील नोकरांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें ४० टक्के अधिक होते. २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें हा धूर निश्चित कर्ककारक ठरविला. हा निर्णय प्रमेहाचा नव्हे, हें खरें. पण तो शक्य झाला तो नोकरीचे जुने कागद जपून ठेविले गेले म्हणून, आणि आमचा रोख त्याकडेच आहे.

६. साधनांची परीक्षा

कागद मिळाले तरी ते डोळे मिटून वाचूं नयेत. त्यांत तीन दोष असतात. पहिला: रेल्वेंत, विशेषतः गाडी चालविणाऱ्या वर्गांत, माणूस वैद्यकीय तपासणी करूनच घेतला जातो व ठराविक मुदतीनें पुनः तपासला जातो; जो आजारी तो हलक्या कामावर जातो किंवा बाहेर पडतो. त्यामुळें हजेरीपटावर उरलेली माणसें नेहमींच सर्वसाधारण लोकांपेक्षां धडधाकट दिसतात. विल्यम ओगल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें १८८५ मध्येंच या भ्रमाची सूचना दिली होती. दुसरा: विडी ओढणारा व धुरांत काम करणारा बहुधा एकच असल्यानें कोणत्या धुराचा किती दोष हें वेगळें काढणें कठीण. मालक विडीकडे बोट दाखवितो, कामगार भट्टीकडे. वस्तुतः दोन्ही धूर एकाच वाटेनें जातात व एकमेकांस हातभार लावितात. तिसरा: महाराष्ट्रांत तंबाखू ओढण्यापेक्षां खाण्याची चाल फार मोठी. २०१६–१७ च्या पाहणींत येथील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर न ओढतां तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. म्हणून ‘विडी ओढत नाहीं’ एवढ्या नोंदीवरून मनुष्य निर्व्यसनी ठरत नाहीं.

कायद्याकडे पाहिलें असतां या प्रश्नाचें गांभीर्य कळतें. ज्या १९१२ सालीं हिंगोलीचा फांटा निघाला त्याच सालीं मुंबई इलाख्यांत धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला; पण त्यांतील उपद्रव शहरवासीयांचा, भट्टीपाशीं उभ्या असलेल्याचा नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें धंद्यामुळें होणाऱ्या कांहीं रोगांची यादी दिली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत शिसें, पारा, मँगनीज यांची विषबाधा, दगडाची व कापसाची धूळ यांपासून होणारे रोग आले. प्रमेह आला नाहीं. त्याहून विशेष हें कीं, त्याच कायद्यांतील ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येंतून रेल्वेच्या चालू इंजिनांचें आगार स्पष्ट शब्दांनीं वगळलें होतें. म्हणजे पूर्ण्यासारख्या ठिकाणीं जेथें राख ओढली जाई, ती जागा त्या कायद्याच्या दृष्टीनें कारखानाच नव्हती. जें कारखाना नाहीं तेथें कारखान्याचा निरीक्षक येत नाहीं. निरीक्षक नाहीं तर त्याचा शेराही नाहीं. आणि शेरा नाहीं तर संशोधकास पुढें कागदही नाहीं. साधनांचा अभाव कसा निर्माण होतो याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

७. निष्कर्ष व विनंति

एवंच आमचे निष्कर्ष असे. श्रमानें प्रमेह टळतो हें प्राचीन वचन त्याच्या काळापुरतें व त्याच्या अटींसह खरें. कृश रोग्याचा अपवाद मूळ ग्रंथांतच आहे. तंबाखू व कोळशाचें इंजिन हीं दोन्ही त्या वचनानंतरचीं. त्यांनीं श्रमाचें संरक्षण आंतून पोखरलें. आणि वाफ जाऊन डिझेल आल्यावर श्रम घटला पण धूर राहिला. म्हणून जुन्या रेल्वे-वसाहतींतील वृद्ध श्रमिकास, तो कितीही सडपातळ व कष्टाळू असो, साखर व रक्तदाब तपासून घेण्यास सांगणें हें वैद्याचें पहिलें कर्तव्य होय. विडी सोडल्यास लाभ निश्चित आहे. सोडल्यावर पहिलीं कांहीं वर्षें वजन वाढतें व धोका किंचित् चढतोही, परंतु पुढें तो उतरत जातो. तेव्हां सोडणाराची पाठ त्या काळांत सोडूं नये.

संग्राहकांस आमची विनंति निराळी आहे. पेशवाईंतील एक मोडी रुमाल मिळावा म्हणून आपण दहा गांवें हिंडतों. पूर्णा, परभणी, नांदेड व हिंगोली येथील सेवानिवृत्त घरांतून आजही नोकरीचीं पुस्तकें, आजारपणाचे दाखले, पाळीचे तक्ते, बदलीचे हुकूम, विडीच्या दुकानांच्या उधारीच्या वह्या ट्रंकांतून पडून असतील. त्यांस कोणी ऐतिहासिक कागद समजत नाहीं, म्हणून ते प्रथम रद्दींत जातात. त्यांतील खासगी नांवें झांकून, तारखा, हुद्दे, कामाची जागा व आजार एवढेंच उतरून घेतलें तरी पुरे आहे. शंभर घरांचे असे कागद एकत्र आले तर भट्टीपुढें उभा असलेला व कचेरींत बसलेला यांच्या देहांचा हिशेब शेजारीं शेजारीं मांडतां येईल. आणि जें आज आम्हीं ग्रंथांवरून व परदेशच्या नोंदींवरून अनुमानिलें तें मराठवाड्याच्याच कागदांवरून पारखतां येईल. निखारे पाडण्याच्या खड्ड्यांतील राख केव्हांच उपसली गेली आहे. ज्यांनीं ती ओढली त्यांचे कागद तरी राखेंत जाऊं नयेत, एवढी तजवीज आपल्या हातीं आहे.